परदेशी करार आणि परतीची वाट

महाविद्यालयातून पुढे आलेला एखादा बास्केटबॉलपटू परदेशातील संघाशी करार करून व्यावसायिक होतो, तेव्हा त्याची कारकीर्द बहुधा एकट्याचा पराक्रम म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात मात्र तिच्यामागे शाळेचे मैदान, वसतिगृहातील आहार, विद्यापीठाची स्पर्धा, नोकरी देणारे खाते, राष्ट्रीय महासंघाची परवानगी आणि परदेशी लीगचे नियम या सर्वांचा हात असतो, आणि यांपैकी एकाचा जरी आधार नसला तरी कितीही गुणी खेळाडूची वाट त्याच ठिकाणी थांबते. म्हणूनच चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील मुलामुलींसमोर हा मार्ग आदर्श म्हणून ठेवावा की नाही, हा प्रश्न केवळ क्रीडाप्रेमाचा राहत नाही. तो शिक्षण, आरोग्य आणि रोजगार यांच्याशी जोडलेला सामाजिक प्रश्न ठरतो.

जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, आणि २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये पुन्हा एका छत्राखाली आणली. त्यामुळे भामरागड किंवा कोरची येथील विद्यार्थी आणि बल्लारपूर किंवा वरोरा येथील विद्यार्थी आज एकाच विद्यापीठाच्या संघात निवडला जाऊ शकतो, आणि तो संघ भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. महाविद्यालयीन खेळाडूच्या वाटचालीचा औपचारिक आरंभ येथून होतो.

चर्चेपूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतातील नावाजलेले बास्केटबॉलपटू दीर्घकाळ ‘खात्याचे खेळाडू’ राहिले आहेत. म्हणजे रेल्वे, पोलीस, सेनादले, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ किंवा एखादी बँक त्यांना नोकरी देते, ते त्या संस्थेच्या संघाकडून खेळतात, आणि खेळ थांबल्यावरही त्यांची नोकरी व निवृत्तिवेतन टिकून राहते. ‘व्यावसायिक खेळाडू’ याच्या उलट केवळ खेळण्यासाठी मानधन घेतो, त्याचा करार बहुधा एका हंगामापुरता असतो, आणि दुखापत झाली किंवा प्रशिक्षकाची पसंती बदलली की पुढच्या हंगामाची शाश्वती उरत नाही. पुढील संवादातील मतभेद याच दोन व्यवस्थांच्या भेदातून निर्माण होतो.

संवादातील दोन्ही व्यक्तिरेखा योजलेल्या आहेत. पहिली व्यक्तिरेखा चंद्रपूर येथील एका महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालिकेची असून परदेशी व्यावसायिक खेळाचे दार येथील मुलांसाठीही उघडले पाहिजे, अशी तिची भूमिका आहे. दुसरी गडचिरोली जिल्ह्यातील आश्रमशाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांची असून त्यांना सर्वजण गुरुजी म्हणतात, आणि दूरच्या स्वप्नाची किंमत अखेर मुलाच्या घराला मोजावी लागते, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे.

करारातून नेमके काय मिळते?

संचालिका : गुरुजी, या विचाराचा आरंभ गीतू ॲना जोस यांच्यापासून करणे योग्य ठरेल. १९८५ मध्ये केरळमधील कोट्टयम जिल्ह्यात जन्मलेल्या आणि सहा फुटांहून अधिक उंची लाभलेल्या या खेळाडू महाविद्यालयीन बास्केटबॉलमधून पुढे आल्या, दक्षिण रेल्वेच्या संघात दाखल झाल्या, आणि २००६ ते २००८ या काळात मेलबर्नच्या रिंगवूड हॉक्स या क्लबकडून व्हिक्टोरिया राज्याच्या ‘बिग व्ही’ लीगमध्ये खेळल्या. ऑस्ट्रेलियन क्लबकडून खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला बास्केटबॉलपटू होत्या. २०११ मध्ये अमेरिकेतील महिलांच्या सर्वोच्च लीगमधील शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या संघांनी त्यांना निवडचाचणीसाठी बोलावले, आणि २०१४ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. लहान गावातील मुलगी महाविद्यालयाच्या कोर्टावरून परदेशी क्लबपर्यंत पोहोचू शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा उपलब्ध असताना येथील मुलींना तो का सांगू नये?

गुरुजी : सांगावा, मॅडम, पण संपूर्ण सांगावा. ‘बिग व्ही’ ही राज्यस्तरीय लीग आहे आणि अशा लीगमधील अनेक खेळाडू खेळाबरोबर दुसरा कामधंदाही करतात. अमेरिकेतील निवडचाचण्यांमधून करार निष्पन्न झाला नाही. तरीही त्या कारकिर्दीची घडी विस्कटली नाही, याचे कारण त्यांच्या मागे रेल्वेची नोकरी होती, हे आपण एका शब्दात सांगून पुढे गेलात. ऑस्ट्रेलियातील तो हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट असा चालतो, त्यामुळे तेथे खेळूनही भारतातील राष्ट्रीय स्पर्धांसाठी परतता येत असे. म्हणजे ज्या उदाहरणाने आपण व्यावसायिक खेळाची बाजू मांडता, तेच उदाहरण खात्याच्या नोकरीची बाजू अधिक बळकट करते.

संचालिका : ते उदाहरण दोन्ही व्यवस्था एकत्र नांदू शकतात, हे दाखवते. नोकरीने सुरक्षितता दिली, आणि परदेशी क्लबने अशा प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध खेळण्याची संधी दिली, जे भारतातील स्पर्धांत भेटत नाहीत. बास्केटबॉलमध्ये खेळाडूचा दर्जा त्याच्यासमोर उभा राहणाऱ्या बचावपटूच्या दर्जाने ठरतो. ज्या खेळाडूला आपल्याहून उंच आणि वेगवान बचावासमोर नियमितपणे खेळावे लागत नाही, त्याची प्रगती ठराविक टप्प्यावर थांबते. अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग हे दोघे भारतीय खेळाडू आधी जपानमध्ये टोकियो एक्सलन्स संघाकडून खेळले, त्यानंतर २०१७ मध्ये अमृतपाल ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लीगमध्ये सिडनी किंग्ज संघात दाखल झाले, आणि अमज्योत अमेरिकेत एनबीएच्या, म्हणजे तेथील पुरुषांच्या सर्वोच्च लीगच्या, संलग्न विकास-लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लू संघाकडून खेळले. भारतीय संघालाही अशा अनुभवाचा लाभ होतो.

गुरुजी : संघाला लाभ होतो, हे मान्य आहे. पण राष्ट्रीय संघाच्या लाभासाठी गडचिरोलीतील एटापल्लीच्या एखाद्या घराने आपल्या कमावत्या मुलाची उमेदीची वर्षे पणाला लावावीत, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हा मूळ प्रश्न आहे.

उंच चढण आणि उतार

गुरुजींच्या आक्षेपामागे आणखी एक कारकीर्द आहे. पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातील बल्लो के गावात १९९५ मध्ये जन्मलेले सतनाम सिंग लहानपणी लुधियाना येथील बास्केटबॉल अकादमीत दाखल झाले, २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील आयएमजी अकादमीत गेले, आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्यांना एनबीएच्या ‘ड्राफ्ट’मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्ट म्हणजे लीगमधील संघांनी ठरलेल्या क्रमाने नव्या खेळाडूंवरील हक्क मिळवण्याची वार्षिक निवडपद्धती. तिच्यातून निवडले गेलेले, भारतात जन्मलेले ते पहिले खेळाडू ठरले. मात्र ड्राफ्टमधील निवड म्हणजे संघातील जागा नव्हे, हा भेद त्यांच्या पुढील प्रवासाने स्पष्ट केला.

गुरुजी : सतनाम सिंग यांचा मुख्य एनबीए संघासाठी एकही सामना झाला नाही. डॅलसच्या संलग्न टेक्सास लेजंड्स संघात त्यांनी दोन हंगाम काढले, नंतर कॅनडातील सेंट जॉन्स एज या संघाकडून ते खेळले, २०१९ मध्ये उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी आढळून त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली, आणि पुढे त्यांनी अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीचा मार्ग धरला. सात फूट दोन इंच उंची, लहानपणापासून अकादमीचे प्रशिक्षण आणि परदेशी शिष्यवृत्ती हे सर्व लाभलेल्या खेळाडूचा मार्ग जर इतका खडतर ठरला, तर ज्या मुलाला यांतले काहीच लाभलेले नाही त्याला हा मार्ग दाखवणे म्हणजे त्याच्या अपेक्षांवर अन्याय करणे होय.

संचालिका : त्या कारकिर्दीला अपयश म्हणणे मात्र तितकेच अन्यायाचे आहे, गुरुजी. शेतकरी घरातील मुलाने वयाच्या चौदाव्या वर्षी परकी भाषा आत्मसात केली, तेथील शिक्षण घेतले, जगातील सर्वांत कठीण लीगच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली आणि खेळ बदलूनही स्वतःच्या बळावर उपजीविका उभी केली. त्या प्रवासातून निघणारा बोध वेगळा आहे. सतनाम सिंग महाविद्यालयात न जाता थेट ड्राफ्टमध्ये उतरले होते. चार वर्षांचे महाविद्यालयीन बास्केटबॉल मध्ये असते, तर खेळ परिपक्व होण्यास अवधी मिळाला असता आणि हाती पदवीही आली असती. म्हणून महाविद्यालयाची पायरी गाळू नये, हा त्यातून घेण्याचा धडा आहे.

गुरुजी : या धड्याशी मतभेद नाही, फक्त कोणते महाविद्यालय, हे विचारावे लागेल.

दोन वाटा आणि नववीचा वर्ग

गुरुजींच्या या प्रश्नातून परदेशी व्यावसायिक खेळाकडे जाणाऱ्या दोन निरनिराळ्या वाटा समोर येतात. पहिली वाट अमेरिकन महाविद्यालयातून जाते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, आपल्या सदस्य संस्थांच्या स्पर्धांचे नियमन करते, आणि तिच्या वरच्या दोन श्रेणींतील, म्हणजे ‘डिव्हिजन’मधील, संस्था खेळाडूला शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन यांचा खर्च भागवणारी क्रीडा-शिष्यवृत्ती देऊ शकतात. दुसरी वाट भारतीय महाविद्यालय, विद्यापीठ आणि खाते यांतून परदेशी क्लबपर्यंत जाते, आणि गीतू ॲना जोस यांची वाट ही दुसरी होती.

संचालिका : पहिल्या वाटेचे मोठे मोल असे की, खेळात यश येवो वा न येवो, पदवी मिळते. भारतातील काही मुली या वाटेने गेल्याही आहेत. संजना रमेश यांनी अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून खेळण्याची संधी मिळवली, ती अशाच शिष्यवृत्तीच्या आधारे. ज्या घराला मुलीच्या उच्च शिक्षणाचा खर्च पेलत नाही, त्या घरासाठी ही शिष्यवृत्ती व्यावसायिक करारापेक्षाही मोठी गोष्ट आहे.

गुरुजी : पण त्या वाटेचे दार कधी बंद होते, हे पाहिले पाहिजे. पहिल्या श्रेणीच्या पात्रतेसाठी नववी ते बारावी या चार वर्षांत भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे १६ मुख्य अभ्यासघटक पूर्ण केलेले असावे लागतात आणि त्यांतील गुणांची किमान सरासरीही ठरवून दिलेली आहे. म्हणजे मुलाचा खेळ महाविद्यालयात गेल्यावर कोणाच्या नजरेत भरला, तर त्या वेळी त्याची पात्रता ठरवणारी वर्षे मागे पडलेली असतात. भामरागड परिसरातील मुलाची घरातील भाषा माडिया, शाळेची भाषा मराठी आणि इंग्रजी ही त्यापुढची. त्या मुलाकडून परकी संस्था नववीपासूनच्या गुणपत्रकांचा इंग्रजी दाखला मागते. शिवाय विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या परदेशी खेळाडूला तेथे काम करून पैसे मिळवण्यावर कडक मर्यादा असतात, त्यामुळे २०२१ पासून अमेरिकन विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून जे उत्पन्न मिळू लागले, त्यातील फारच थोडे त्याच्या वाट्याला येते.

संचालिका : हे सर्व खरे आहे, आणि त्यामुळेच काम कोठे सुरू करावे तेही कळते. आश्रमशाळेतील नववीच्या वर्गात खेळाडूची गुणपत्रके, जन्माचा दाखला, सामन्यांच्या चित्रफिती आणि पारपत्र यांची व्यवस्था लावण्यास मोठा निधी लागत नाही. एका जाणत्या शिक्षकाचे सातत्य पुरेसे असते. आणि ज्यांची ती वेळ निघून गेली आहे, त्यांच्यासाठी दुसरी वाट खुली राहते. परदेशी क्लबकडे जाणाऱ्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांनुसार आपल्या राष्ट्रीय महासंघाकडून मुक्ततापत्र घ्यावे लागते. त्यात पूर्वीच्या संघाचे बंधन उरलेले नाही, असे प्रमाणित केलेले असते. ही प्रक्रिया समजावून देणारे कोणी नसल्याने खेळाडूने मागे राहावे, असे होता कामा नये.

शरीर, आहार आणि सिकलसेल

वादाचा सर्वांत गंभीर भाग शरीराशी संबंधित आहे. वनप्रदेशातील मुले जन्मतःच काटक असतात, ही समजूत क्रीडाक्षेत्रात सर्रास आढळते. ती वरवर कौतुकाची वाटली तरी तिच्यामुळे आहार आणि वैद्यकीय तपासणी यांकडे होणारे दुर्लक्ष झाकले जाते, हे गुरुजींचे प्रतिपादन आहे.

गुरुजी : काटकपणाचे कौतुक करणाऱ्यांनी मुलांच्या रक्ताची तपासणी करावी. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, आणि अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील या विकाराकडे फार पूर्वी लक्ष वेधले. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते; एकाकडूनच आले तर ते ‘वाहक’ होते, म्हणजे एरवी निरोगी असते. परंतु तीव्र उष्णता, शरीरातील पाण्याची कमतरता आणि अतिश्रम एकत्र आले, तर वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तप्रवाह अडू शकतो आणि क्वचित प्रसंगी जीवही धोक्यात येतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि आपली बहुतेक कोर्ट उघड्यावरील सिमेंटची आहेत. अशा स्थितीत व्यावसायिक दर्जाच्या सरावाची भाषा करण्यापूर्वी हा धोका कोणी विचारात घेतला आहे काय?

संचालिका : तो विचार अमेरिकन महाविद्यालयीन खेळाला एका मृत्यूनंतर करावा लागला, गुरुजी. २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा फुटबॉलपटू सरावानंतर दगावला. तो सिकलसेलचा वाहक होता. त्यानंतर २०१० पासून एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतील खेळाडूंसाठी सिकलसेल चाचणीची तरतूद करण्यात आली. त्यामागील उद्देश वाहक खेळाडूला खेळापासून दूर ठेवण्याचा नसून, त्याला सरावाचा भार हळूहळू वाढवून देणे, मध्ये विश्रांती व पाणी देणे, आणि थकव्याची तक्रार आळस समजून न धुडकावणे हा आहे. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्यात तरुणांच्या तपासणीवर भर आहे. विद्यापीठाच्या संघनिवडीपूर्वी हीच तपासणी झाली, तर क्रीडा विभाग आणि आरोग्य विभाग एकमेकांच्या कामी येतील. परदेशी क्लबही वैद्यकीय तपासणीविना करार करत नाहीत. म्हणजे जे जीव वाचवण्यासाठी आवश्यक आहे, तेच करारासाठीही आवश्यक आहे.

गुरुजी : तपासणीबद्दलचा हा मुद्दा मान्य आहे, त्याची अंमलबजावणी खेळाडूने परदेशी जावे अथवा न जावे, तरी झालीच पाहिजे. पण उंचीचे काय? रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते, ती सर्वांसाठी सारखीच. बालपणातील कुपोषणाने खुंटलेली वाढ महाविद्यालयातील सरावाने भरून निघत नाही.

संचालिका : नाही निघत, आणि म्हणून बास्केटबॉलची तयारी अंगणवाडीच्या आहारापासून सुरू होते असे म्हणावे लागेल. तरीही प्रत्येक संघाला चेंडू पुढे आणणारा, खेळाची आखणी करणारा ‘गार्ड’ लागतो. त्याच्या बाबतीत उंचीइतकेच महत्त्व वेग, नजर आणि निर्णयशक्ती यांना असते. सर्वांना परदेशी लीग गाठता येणार नाही, ही गोष्ट जितकी स्पष्ट आहे, तितकीच ज्यांना ती गाठता येईल ते कोण, हे आधीच ठरवता येत नाही, ही गोष्टही स्पष्ट आहे.

संस्थेने धरलेला हात

संचालिका : गुरुजी, मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याने एक मोठा आदर्श घालून दिला. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांच्या ‘मिशन शौर्य’ उपक्रमातून मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. बोर्डा, देवाडा आणि जिवती येथील आश्रमशाळांमधून विद्यार्थी निवडले गेले आणि टप्प्याटप्प्याने कठीण होत जाणाऱ्या प्रशिक्षणातून पुढे नेले गेले. ज्या मुलांनी पूर्वी बर्फही पाहिला नव्हता त्यांच्यासाठी एव्हरेस्ट शक्य होते, तर बास्केटबॉलचा परदेशी करार अशक्य का मानावा?

गुरुजी : त्या मुलांचा अभिमान सर्वांनाच आहे. पण मोहीम आणि कारकीर्द यांत मूलभूत अंतर आहे, मॅडम. मोहिमेला आरंभ असतो, शिखर असते आणि शेवट असतो. शासनाने निर्धाराने निधी आणि प्रशिक्षक दिले की ती तडीस जाते. खेळाडूची कारकीर्द दहा-पंधरा वर्षे रोजच्या सरावावर उभी राहते, आणि इतका काळ अधिकारी, योजना व अंदाजपत्रक यांपैकी काहीच स्थिर राहत नाही. त्या तरुणांच्या उदाहरणावरून मुलांमध्ये क्षमता आहे, एवढे निर्विवाद सिद्ध होते. व्यवस्थेत सातत्य आहे, हे सिद्ध होत नाही.

संचालिका : सातत्याचे उदाहरण मग गडचिरोलीच्या पूर्व सीमेपलीकडे पाहावे. छत्तीसगडमधील भिलाई येथे पोलाद कारखान्याच्या आधाराने प्रशिक्षक राजेश पटेल यांनी २०१८ मधील आपल्या निधनापर्यंत वर्षानुवर्षे मुलींना बास्केटबॉल शिकवले. साध्या घरांतील त्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवली, त्यांतील काही भारतीय संघापर्यंत पोहोचल्या आणि अनेकींना रेल्वेत नोकऱ्या लागल्या. तेथे एक प्रशिक्षक, एक मैदान आणि त्यामागे स्थिर उभा असलेला एक उद्योग इतकेच होते. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी, महाऔष्णिक विद्युत केंद्र, कागद कारखाना आणि आयुध निर्माणी आहे; गडचिरोलीत सूरजागडची लोहखनिजाची खाण आणि कोनसरीचा प्रकल्प उभा राहिला आहे. बल्लारपूरजवळच्या विसापूर येथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा भरवण्याइतके क्रीडासंकुल तयार आहे. जमिनीतील संपत्ती बाहेर नेणाऱ्या उद्योगांनी जमिनीवरील मुलांसाठी एक स्थिर प्रशिक्षण केंद्र चालवावे, ही मागणी अवाजवी नाही.

गुरुजी : येथे आपली दोघांची वाट एक होते. भिलाईच्या उदाहरणात शेवट नोकरीत झाला, हे मात्र लक्षात ठेवावे. गडचिरोलीतील तरुण पहाटे रस्त्यावर धावताना दिसतो तो पोलीस भरतीसाठी, आणि शासकीय सेवेतील ५ टक्के खेळाडू आरक्षण त्याला परदेशी करारापेक्षा जवळचे वाटते. या व्यवहारी शहाणपणाला कमी लेखू नये.

संचालिका : त्यास कमी न लेखता एक पाऊल पुढे जाता येईल. खेळाडू म्हणून पोलीस, वन किंवा अन्य खात्यात लागलेल्या तरुणाला परदेशी क्लबचा करार मिळाला, तर ठराविक काळाची बिनपगारी रजा, सेवाज्येष्ठतेचे संरक्षण आणि परतल्यावर त्याच पदावर रुजू होण्याचा हक्क मिळावा. असा हक्क असेल तर नोकरी आणि स्वप्न यांतून एकाची निवड करण्याची सक्ती उरणार नाही.

गुरुजी : आणि करार फसला तर? परक्या देशात क्लबने मानधन थकवले, तर जिवतीच्या शेतकऱ्याने कोणाकडे दाद मागावी?

संचालिका : त्यासाठी फिबाच्या मान्यतेने चालणारे बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरण आहे. २००७ मध्ये स्थापन झालेले हे न्यायाधिकरण खेळाडू, प्रतिनिधी आणि क्लब यांच्यातील करारविषयक वाद सोडवते. परंतु करारात त्याचा उल्लेख असलेले लवाद-कलम असेल, तरच त्याच्याकडे जाता येते. म्हणून सही करण्यापूर्वी ते कलम, विम्याची तरतूद, दुखापतीनंतरचे वेतन आणि प्रतिनिधीकडे फिबाचा परवाना आहे की नाही, या गोष्टी पाहणारा कायद्याचा जाणकार विद्यापीठाने उपलब्ध करून दिला पाहिजे.

मतभेद कोठे उरतो

या संवादाच्या अखेरीस दोन्ही पक्षांचे मतभेद मिटत नाहीत, आणि ते मिटवणे इष्टही नाही. संचालिकेच्या मते मोठे उद्दिष्ट समोर नसेल तर व्यवस्था उभारण्याची निकडच कोणाला भासत नाही. गुरुजींच्या मते व्यवस्था उभी नसताना उद्दिष्ट दाखवणे म्हणजे जोखीम सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर टाकणे होय. पहिले मत मुलाच्या क्षमतेवर विश्वास ठेवते, दुसरे मत त्याच्या घराची परिस्थिती विसरू देत नाही, आणि या दोहोंपैकी एकाचाच आधार घेऊन धोरण आखले तर ते एक तर पोकळ घोषणा ठरेल किंवा मुलांची झेप आधीच छाटून टाकणारी काळजी ठरेल.

तथापि ज्या कारकिर्दींचा येथे विचार झाला, त्यांवरून एक निष्कर्ष ठामपणे मांडता येतो. गीतू ॲना जोस आणि सतनाम सिंग यांच्यातील फरक गुणवत्तेचा किंवा जिद्दीचा नव्हता. एका कारकिर्दीत परदेशातील प्रयत्नानंतर परतण्याजोगे हक्काचे स्थान होते, आणि दुसरीत प्रत्येक टप्प्यावर पुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. परदेशी व्यावसायिक खेळ स्वभावतःच अल्पकालीन आणि अनिश्चित असल्याने, त्याकडे जाणाऱ्या खेळाडूचे धैर्य त्याच्या परतीच्या हमीने कमी होत नाही. उलट ज्याच्या मागे ती हमी आहे, तोच कठीण करार स्वीकारू शकतो, वाईट करार नाकारू शकतो आणि दुखापत लपवून खेळण्यापासून स्वतःला वाचवू शकतो.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या संदर्भात या हमीचे घटक कोणते, हेही संवादातून स्पष्ट झाले आहे : नववीपासूनची शैक्षणिक व क्रीडाविषयक नोंद, सिकलसेलची तपासणी आणि तिला अनुसरून आखलेला सराव, निवासी केंद्रातील पुरेसा आहार, अधिकाऱ्यांच्या बदल्यांवर अवलंबून नसलेला पूर्णवेळ प्रशिक्षक, खात्यातील नोकरीला संरक्षण देणारी रजा आणि करार तपासणारा जाणकार. यांतील एकही गोष्ट केवळ परदेशी जाणाऱ्या एखाद्यासाठी नाही. जो खेळाडू विद्यापीठाच्या संघापलीकडे जाणार नाही, त्यालाही त्यातून शिक्षण, आरोग्य आणि उपजीविकेची अधिक चांगली शक्यता मिळते. त्यामुळे या जिल्ह्यांतून किती खेळाडू परदेशी गेले, हे क्रीडाधोरणाचे माप ठरू नये. जे गेले नाहीत आणि जे जाऊन परतले, त्यांचे पुढे काय झाले, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्या दिवशी देता येईल, त्या दिवशी येथील मुलामुलींना परदेशी कोर्टाकडे बोट दाखवण्याचा नैतिक अधिकार संस्थांना प्राप्त होईल.